गोळीतलं व्हिटॅमिन सी आणि ड्रिपमधलं व्हिटॅमिन सी: कॅन्सरमध्ये दोघांची कामं वेगळी

प्रश्न: माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतात पसरलेला. जेमसायटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही केमो चालू आहे, दोन सायकल झाल्या. मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या चार गोळ्या आणि व्हिटॅमिन ई ४०० ची एक कॅप्सूल रोज देतोय. गेल्या आठवड्यात एका क्लिनिकमध्ये २५ ग्रॅम व्हिटॅमिन सीची ड्रिप लावली. अशा आठवड्याला दोन, एकूण दहा घ्यायला सांगितल्यात. त्या दुपारी घरी आल्यावर ग्लुकोमीटरवर साखर ४६० दिसली. भाऊ जास्तीचं इन्सुलिन देणार होता, पण बाबांना काहीच त्रास नव्हता म्हणून थांबलो. सकाळी १५० आली. ऑन्कोलॉजिस्ट म्हणतात, अँटिऑक्सिडंट बंद करा. क्लिनिकचे डॉक्टर म्हणतात, ड्रिप अँटिऑक्सिडंट नाहीच, ती उलटं काम करते. कोणाचं खरं मानायचं? पुढच्या ड्रिप घ्यायच्या का?
— एक मुलगी, सांगली

उत्तर: ताई, आधी इन्सुलिनबद्दल, कारण धोका तिथे सगळ्यात जवळ होता. भावाने ते इंजेक्शन दिलं नाही हे फार बरं झालं. ४६० हा आकडा बहुधा साखरेचा नव्हताच. ग्लुकोमीटरची पट्टी रक्तातली साखर थेट मोजत नाही. पट्टीवरचं एन्झाइम साखरेकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि यंत्र त्या इलेक्ट्रॉनचा प्रवाह मोजतं. व्हिटॅमिन सी, म्हणजे ॲस्कॉर्बेट, स्वतःच सहज इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. ड्रिपनंतर रक्तात ते एवढं असतं की यंत्र त्याचे इलेक्ट्रॉनही साखरेचे म्हणून मोजतं. या खोट्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन दिल्यामुळे खरी साखर धोकादायकरीत्या खाली गेलेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. आणखी एक शक्यता असते. साखर खरोखर ५० पर्यंत उतरलेली असते आणि यंत्र २५० दाखवतं.

लॅबमध्ये नमुना पाठवला तरी सुटका होईलच असं नाही. बऱ्याच लहान लॅब साखर जीओडी-पीओडी पद्धतीने मोजतात. त्या पद्धतीत शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडपासून रंग तयार होतो आणि ॲस्कॉर्बेट तो रंग होऊ देत नाही. म्हणजे तिथे साखर खोटी कमी दिसते. एकाच वेळी घरचं यंत्र जास्त दाखवेल आणि लॅब कमी, आणि दोन्ही चुकीचं असेल. हेक्सोकायनेज पद्धतीने केलेली शिरेतल्या रक्ताची तपासणी यातून बरीच सुटते. मोठ्या रुग्णालयांच्या लॅबमध्ये ती असते, फोन करून विचारा. मूत्रपिंडं चांगली असतील तर ड्रिपमधलं व्हिटॅमिन सी दर दोन तासांनी साधारण निम्मं होत जातं, तरी ड्रिपनंतर निदान २४ तास ग्लुकोमीटरच्या आकड्यावरून इन्सुलिन वाढवू नका. दंडावर चिकटवायचे साखरेचे काही सेन्सरही असेच फसतात. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं तुटक झालं, तर यंत्र काहीही दाखवो, आधी साखरपाणी द्या. क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, कोलेस्टेरॉल यांच्या काही तपासण्याही याच कारणाने बिघडतात. म्हणून केमोआधीचं रक्त नेहमी ड्रिपच्या आधी काढायचं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत.

पट्टीला फसवणारा तोच गुण, इलेक्ट्रॉन देण्याचा, सगळीकडे काम करतो. तो इलेक्ट्रॉन कोणाला मिळतो, यावर परिणाम ठरतो. कमी प्रमाणात व्हिटॅमिन सी धोकादायक मुक्त कणांना इलेक्ट्रॉन देऊन शांत करतं. हे अँटिऑक्सिडंट काम. प्रमाण शेकडो पटींनी वाढलं आणि आसपास मोकळं लोह किंवा तांबं असलं, की ॲस्कॉर्बेट तो इलेक्ट्रॉन लोहाला देतं. लोह तो ऑक्सिजनकडे सरकवतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, म्हणजे जखम धुवायला वापरतात तेच रसायन, फार थोड्या प्रमाणात. हे पेरॉक्साइड पुन्हा लोहाला भेटलं की हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत आक्रमक कण बनतो आणि तो डीएनए तोडतो. अँटिऑक्सिडंट म्हणून ओळखलं जाणारं जीवनसत्त्व प्रो-ऑक्सिडंट होतं ते असं.

कॅन्सरच्या पेशींनाच याचा जास्त त्रास का व्हावा? पेरॉक्साइड मोडून टाकणारं कॅटलेज हे एन्झाइम अनेक गाठींच्या पेशींत कमी असतं आणि मोकळं लोह जास्त असतं. निरोगी पेशी तेवढं पेरॉक्साइड पचवतात. रक्तातल्या तांबड्या पेशींत कॅटलेज भरपूर असल्याने रक्तात पेरॉक्साइड टिकत नाही. ते टिकतं पेशींच्या भोवतीच्या द्रवात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मार्क लेव्हिन यांच्या गटाने २००५ ते २००८ या काळात आधी पेशींवर आणि मग उंदरांवर हे दाखवलं. २०१५ मध्ये आणखी एक वाट सापडली. केरास किंवा बीराफ जनुकात बिघाड असलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी व्हिटॅमिन सीचं ऑक्सिडाइज झालेलं रूप साखरेच्या दारातून आत ओढून घेतात. ते परत मूळ रूपात आणता आणता त्यांचा ग्लुटाथायोनचा, म्हणजे पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवणाऱ्या रसायनाचा, साठा संपतो आणि साखर जाळण्याची साखळीच अडते. स्वादुपिंडाच्या बहुतेक कॅन्सरमध्ये केरासचा बिघाड असतो, म्हणून संशोधकांचं या आजाराकडे लक्ष आहे.

यातलं काहीही गोळीने होत नाही. आतड्यात व्हिटॅमिन सी आत घेणारी दारं मोजकी आहेत. २०० मिलिग्रॅम जवळपास पूर्ण शोषलं जातं, १२५० मिलिग्रॅम एकदम घेतलं तर निम्म्याहून कमी. वर मूत्रपिंडं जास्तीचं बाहेर टाकतात. रोज ४०० मिलिग्रॅमच्या पुढे कितीही घेतलं तरी रक्तातली नेहमीची पातळी लिटरला ७० ते ८० मायक्रोमोलच्या आसपासच थांबते. दर चार तासांनी ३ ग्रॅम, म्हणजे पोट बिघडायच्या सीमेवर घेतलं, तरी शिखर २२० च्या आसपास. शिरेतून ५० ग्रॅम दिलं तर तेच शिखर १३,००० च्या वर जातं. पेशी मारणारं पेरॉक्साइड तयार व्हायला साधारण १,००० आणि त्याहून जास्त पातळी लागते. बाबांच्या चार गोळ्या तिथवर कधीच पोचणार नाहीत. त्या राहतात अँटिऑक्सिडंटच.

हा फरक न कळल्यामुळे या विषयाची तीसेक वर्षं गोंधळात गेली. १९७६ मध्ये स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक यूअन कॅमेरॉन आणि रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १०० अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची माहिती छापली. त्यांना रोज १० ग्रॅम व्हिटॅमिन सी आधी काही दिवस शिरेतून आणि मग तोंडाने दिलं होतं, आणि ते जुन्या नोंदींतल्या रुग्णांपेक्षा चौपटीने जास्त जगले असा दावा होता. जुन्या नोंदींशी केलेली तुलना कच्ची असते. म्हणून मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नीट अभ्यास केले. फायदा शून्य आला आणि विषय बंद झाला. पण मेयोने १० ग्रॅम फक्त तोंडाने दिलं होतं. लेव्हिन यांच्या गटाने रक्तातल्या पातळ्या मोजल्यावर लक्षात आलं, की दोघांनी वेगवेगळी औषधं तपासली होती.

मग शिरेतून दिल्यावर माणसांत काय दिसलं? तुमच्या बाबांच्या आजारासाठी सगळ्यात जवळचा अभ्यास अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा, २०२४ चा. पसरलेला स्वादुपिंडाचा कॅन्सर, बाबांना चालू आहे तीच केमो, ३४ रुग्ण. निम्म्यांना केमोबरोबर ७५ ग्रॅम व्हिटॅमिन सी शिरेतून आठवड्यातून तीन वेळा. मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) नुसत्या केमोने ८.३ महिने, व्हिटॅमिन सीसह १६ महिने. केमोच्या गटाचा आकडा नेहमीच्या अनुभवाशी जुळतो. याच केमोच्या २०१३ च्या मोठ्या अभ्यासात तो ८.५ होता. त्यामुळे हा निकाल झटकून टाकता येत नाही, आणि तुमची आशा आम्हाला निराधार वाटत नाही. पण ३४ रुग्ण म्हणजे एका बाजूला सतराच्या आसपास. दोन-चार माणसं योगायोगाने जास्त जगली तरी एवढ्या लहान गटाचा मध्यक हलतो. खोटी ड्रिपही नव्हती, त्यामुळे कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याच्या शेजारी चीनमधला २०२२ चा अभ्यास ठेवा. पसरलेला आतड्याचा कॅन्सर, ४४२ रुग्ण, दर किलो वजनामागे दीड ग्रॅम, दर चौदा दिवसांत पहिले तीन दिवस, केमोबरोबर. आजार न वाढता गेलेला काळ ८.६ महिने, नुसत्या केमोवर ८.३. म्हणजे फरक नाही. रास जनुकात (केरास याच कुटुंबातलं) बिघाड असलेल्यांमध्ये ९.२ विरुद्ध ७.८ असा थोडा फरक दिसला, पण एका उपगटाचा असा आकडा पुढचा अभ्यास कुठे करावा एवढंच सांगतो.

आमचं मत असं: स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये ही ड्रिप मोठ्या अभ्यासात तपासण्याजोगी आहे. सिद्ध उपचार म्हणून विकण्याजोगी ती अजून नाही. क्लिनिकच्या डॉक्टरांचं शास्त्र तुमच्या प्रश्नापुरतं बरोबर आहे, पण त्यांचा डोस त्या शास्त्राला धरून नाही. आयोवात आठवड्याला २२५ ग्रॅम गेलं, बाबांना ५० ग्रॅम सांगितलंय. आयोवाचा निकाल दाखवून या पॅकेजचं समर्थन होत नाही.

म्हणून त्यांनी ७५ ग्रॅम द्यावं, असं मात्र अजिबात नाही. जी गोष्ट पेरॉक्साइड तयार करून पेशी मारते तिला औषधाचे सगळे धोके असतात. पहिल्या ड्रिपआधी बाबांची जी-६-पीडी तपासणी झाली होती का? पत्रात उल्लेख नाही. हे एन्झाइम कमी असलं तर तांबड्या पेशी पेरॉक्साइड पचवू शकत नाहीत, फुटतात. लघवी काळ्या चहासारखी होते, रक्त झपाट्याने उतरतं, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. ही कमतरता जन्मजात असते, पुरुषांत जास्त. पारशी समाजात आणि देशातल्या काही आदिवासी समाजांत ती जास्त दिसते, पण आडनाव बघून कोणालाही वगळता येत नाही. केवळ हो-नाही सांगणारी चाचणी नको, प्रमाण मोजणारी हवी. आणि बाबांना गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर रक्तदात्याच्या पेशींमुळे रिपोर्ट खोटा चांगला येऊ शकतो. हे लॅबला आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगा. एक ड्रिप निभावली म्हणून ही तपासणी टाळू नका, कारण फुटण्याचं प्रमाण डोसबरोबर वाढतं.

दुसरं मूत्रपिंड. व्हिटॅमिन सी मोडून त्याचा काही भाग ऑक्झलेट होतो आणि त्याचे खडे मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकतात. मुतखड्याचा इतिहास, क्रिएटिनिन वाढलेलं, किंवा केमोच्या उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलेलं असेल त्या दिवशी ही ड्रिप धोक्याची. मधुमेहात मूत्रपिंडं आधीच थकलेली असू शकतात, म्हणून ड्रिपचा विचार करायचाच असेल तर ताजा रिपोर्ट हवा, सहा महिन्यांपूर्वीचा चालणार नाही.

मीठ ही गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. शिरेतून द्यायचं व्हिटॅमिन सी आम्ल राहू नये म्हणून सोडियम ॲस्कॉर्बेटच्या रूपात असतं. हिशोब केला तर २५ ग्रॅममध्ये सुमारे ३.३ ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे ८ ग्रॅमपेक्षा जास्त मिठाएवढं. ७५ ग्रॅममध्ये जवळपास १० ग्रॅम सोडियम, २५ ग्रॅम मिठाएवढं. दिवसाला ५ ग्रॅम मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. बाबांच्या पोटात पाणी होत असेल, पाय सुजत असतील किंवा हृदय कमजोर असेल तर हा भार अंगावर येतो. वर ते नॉर्मल सलाईनमध्ये मिसळलं तर आणखी मीठ आणि द्रावण जास्तच दाट. म्हणून मोठे डोस सहसा इंजेक्शनच्या निर्जंतुक पाण्यात मिसळतात आणि मिनिटाला अर्धा ग्रॅम या बेताने सोडतात, म्हणजे २५ ग्रॅमला किमान पन्नास मिनिटं. तुमची ड्रिप वीस मिनिटांत संपली असेल, हात जळजळला असेल, खूप तहान लागली असेल, तर वेग जास्त होता. औषध कशातून आलं तेही विचारा. ५०० मिलिग्रॅमच्या छोट्या अँप्युलमधून २५ ग्रॅम करायला पन्नास अँप्युल फोडाव्या लागतात, त्यात काचेचा कण किंवा जंतू शिरायला पन्नास संधी. आणि द्रावण तपकिरी झालेलं असेल तर ते बिघडलंय.

रक्त कमी म्हणून लोहाची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगणं आवश्यक. जास्तीचं मोकळं लोह आणि एवढं व्हिटॅमिन सी एकत्र आलं की प्रो-ऑक्सिडंट क्रिया फक्त गाठीपुरती राहीलच असं नाही.

आता गोळ्या. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल आजच बंद करा, यात आम्हाला शंका नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरला रेडिएशन घेणाऱ्या ५४० रुग्णांवर अभ्यास झाला. काहींना व्हिटॅमिन ई ४०० युनिट दिलं, सुरुवातीला बीटा-कॅरोटिनही. साईड इफेक्ट कमी झाले, पण त्याच जागी आजार परतण्याकडे कल वाढला. निरोगी पेशींना वाचवणारी ढाल गाठीलाही मिळते. फिनलंडमधल्या २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला, तो कमी होईल या अपेक्षेने अभ्यास सुरू केला होता. तुमचे ऑन्कोलॉजिस्ट बंद करा म्हणतात ते याच अनुभवातून.

व्हिटॅमिन सीच्या चार गोळ्याही केमो चालू असेपर्यंत थांबवा. २,००० मिलिग्रॅमचा फायदा नाही, ऑक्झलेट मात्र वाढतं. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठी बोर्टेझोमिब हे औषध चालू असेल तर त्यांनी जास्तच सांभाळावं. व्हिटॅमिन सी त्या औषधाच्या रेणूला थेट चिकटून त्याला निकामी करतं असं प्रयोगशाळेत स्पष्ट दिसलंय. जेवणातल्या लिंबू, पेरू, आवळ्याला घाबरू नका. प्रौढ पुरुषाची गरज दिवसाला ८० मिलिग्रॅम आहे आणि मध्यम पेरूत त्याहून जास्त मिळतं. बाबा जेमतेम खात असतील तर व्हिटॅमिन सी खरोखर कमी पडू शकतं. तेव्हा डॉक्टरांना विचारून १०० मिलिग्रॅमच्या आसपासची लहान गोळी पुरे.

राहिल्या नऊ ड्रिप. त्या तूर्त घेऊ नका. पुढच्या केमोला जाताना क्लिनिकचा कागद, औषधाचं नाव, डोस आणि ४६० च्या आकड्याची वेळ लिहून ऑन्कोलॉजिस्टना दाखवा. लपवू नका, रागावले तरी. त्यांना थेट विचारा, की उच्च डोसच्या ॲस्कॉर्बेटची स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी चालू असलेली कुठली ट्रायल आपल्याला मिळेल का. भारतातल्या ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असतात आणि ती कोणालाही इंटरनेटवर शोधता येते. खऱ्या ट्रायलमध्ये नोंदणी क्रमांक असतो, तुम्हाला समजेल अशा भाषेतलं संमतिपत्र असतं, आणि तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे रुग्णाकडून सहसा घेत नाहीत. दहा ड्रिपचं पॅकेज आगाऊ पैसे घेऊन विकणारी जागा म्हणजे ट्रायल नव्हे. कोणत्याही कारणाने केमोची तारीख मात्र ड्रिपसाठी पुढे ढकलू नका. आयोवातले ते १६ महिने केमोसकट होते.

एक शेवटचं, तुम्ही विचारलं नसलं तरी. बाबांचं वजन उतरतंय का, शौच तेलकट, फिकट, भांड्यात तरंगणारी होते का? स्वादुपिंडाची पाचक रसं आटली की खाल्लेलं अंगी लागत नाही. या आजारात हे फार जणांना होतं आणि फार जणांचं तपासायचं राहून जातं. त्यावर पॅनक्रिएटिनच्या कॅप्सूल मिळतात. सुरुवातीला साधारण २५,००० ते ४०,००० युनिट लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) दर मोठ्या जेवणाला, पहिल्या घासाबरोबर, आणि नाश्ता-दुधाला त्याच्या निम्मं. जेवण झाल्यावर घेतली तर तिचा फारसा उपयोग होत नाही. पचन सुधारलं की साखरेचं गणितही बदलतं, म्हणून इन्सुलिनचा डोस त्याच भेटीत पुन्हा ठरवून घ्या. आणि तोवर घरी लघवी काळपट झाली, डोळे अचानक पिवळे झाले, दम लागला किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात न्या आणि दारातच सांगा, की अमुक तारखेला २५ ग्रॅम व्हिटॅमिन सी शिरेतून दिलंय.